पहिलं अस्सल चित्र कुठून घ्यावं: वरळीच्या स्टॉलवरून की जहांगीरच्या भिंतीवरून?

हातात पंचवीस-तीस हजार रुपये आहेत, हॉलमधली एक भिंत मोकळी आहे, छापील पोस्टर नको आणि चित्रकारानं स्वतः काढलेलंच चित्र हवं, एवढं ठरलं असेल तर मुंबईत दोन वाटा सगळ्यात सोप्या आहेत. एक म्हणजे वरळीच्या नेहरू सेंटरमध्ये भरणाऱ्या इंडिया आर्ट फेस्टिव्हलसारखी कलाजत्रा. दुसरी, काळा घोड्याच्या जहांगीर आर्ट गॅलरीत दर आठवड्याला बदलणारी प्रदर्शनं. महालक्ष्मी रेसकोर्सवर २०२३ पासून भरणारं आर्ट मुंबई आणि दिल्लीचा इंडिया आर्ट फेअर मी या तुलनेत धरलेले नाहीत. तिथे बघायला जरूर जा, पण एवढ्या पैशात तिथे कॅनव्हास मिळणं अवघड. मिळालंच तर एखादं मुद्राचित्र, आणि त्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

किमतीकडे वळण्याआधी भाडं कोण भरतं ते बघू, कारण पुढचं बरंचसं त्यावरून ठरतं. इंडिया आर्ट फेस्टिव्हल २०११ मध्ये सुरू झाला. तिथे गॅलऱ्यांबरोबर एकेकटे चित्रकारही स्वतःचा स्टॉल घेतात. गॅलरीचं कमिशन साधारण विक्रीच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत असतं. चित्रकाराच्या स्टॉलवर ते वाचतं, म्हणून चित्र परवडतं. पण तीन-चार दिवसांचं स्टॉलभाडं, गाडीभाडं, मुंबईतलं राहणं हे सगळं त्याच्याच अंगावर. मग तो एवढ्याशा जागेत जमिनीपासून वरपर्यंत चित्रं लावतो, खाली उभी करून ठेवतो आणि लवकर खपणारी छोटी कामं पुढे काढतो. गणपती, बुद्ध आणि घोडे जत्रेत इतके का दिसतात, याचं उत्तर इथे आहे.

जहांगीर १९५२ सालची. तिथलं दालन मिळवायला चित्रकार वर्षानुवर्षं तारखेची वाट बघतात. मंगळवारी प्रदर्शन लागतं, सोमवारी उतरतं. भाडं इथेही चित्रकारच भरतो, पण एवढी वाट बघून आलेला माणूस दोन-तीन वर्षांचं काम एका सुरात मांडतो. एकाच हाताची वीस-पंचवीस चित्रं ओळीनं बघितली की त्यातलं खरंच जमलेलं कुठलं आणि उरकलेलं कुठलं, हे कलेचं शिक्षण नसलेल्यालाही दिसू लागतं. पहिल्या खरेदीत माझ्या मते हा सगळ्यात मोठा फायदा आहे, आणि जत्रेत तो मिळत नाही. स्टॉलवर एका चित्रकाराची चित्रं दाटीवाटीनं लावलेली असतात, शेजारी दुसऱ्याच शैलीचा स्टॉल, त्यापलीकडे तिसराच. तासाभरात डोळा शिणतो. लग्नाच्या साड्या बघताना दहाव्या साडीनंतर पहिली कुठली आवडली होती ते आठवत नाही, तसंच.

जत्रा मात्र भाव शिकवते. आपल्याकडे बरेच चित्रकार चौरस इंचाच्या हिशेबानं किंमत लावतात. समजा २४ बाय ३० इंचांच्या कॅनव्हासचे चाळीस हजार सांगितले. म्हणजे ७२० चौरस इंच, इंचाला साधारण पंचावन्न रुपये. पाच-सहा स्टॉलवर हा भागाकार मोबाइलवर केलात की कोण नवखा, कोणाच्या नावाला बाजारात मागणी आहे आणि कोण उगाच चढवून सांगतोय, हे संध्याकाळपर्यंत कळतं. जहांगीरमध्ये एका वेळी मोजकीच प्रदर्शनं असतात; तेवढ्यावरून असा अंदाज बांधता येत नाही. त्यातही लेबलवर किंमत नसते, यादी टेबलावर असते आणि ती मागायला लोक लाजतात. लाजू नका. लंडनच्या बॅटरसी पार्कमध्ये १९९९ मध्ये सुरू झालेल्या अफोर्डेबल आर्ट फेअरनं चित्राशेजारी किंमत लिहायची पद्धत ठेवली. तिकडे किंवा सिंगापूरला राहणाऱ्या मराठी मंडळींनी तिथे एक चक्कर मारून बघावी. आपल्याकडे अजून तोंड उघडल्याशिवाय आकडा कळत नाही.

आता जत्रेतली एक फसगत. काही स्टॉलवर ‘मिक्स मीडिया ऑन कॅनव्हास’ (कॅनव्हासवर मिश्र माध्यम) असं लिहिलेलं काम असतं, पण खाली कॅनव्हासवर मशीननं छापलेलं चित्र आणि वरून पारदर्शक जेलचे फटकारे. लांबून ते हातानं काढलेलंच वाटतं. मोबाइलचा टॉर्च बाजूनं तिरपा धरा. खऱ्या फटकाऱ्यात रंगाचा उंचवटा आणि रंगाची कड एकाच जागी संपते. नकली कामात उंचवटा एकीकडे जातो आणि खालचा रंग भलतीकडे वळतो. अगदी जवळ गेलात तर छपाईचे बारीक ठिपकेही दिसतात. मग चित्र उलटं करून दाखवायला सांगा. मागच्या बाजूला सही, साल, माध्यम, माप लिहिलेलं असावं, लाकडी चौकटीचे कोपरे घट्ट असावेत. मागची बाजू दाखवायला कुरकुर करणाऱ्या स्टॉलवरून सरळ पुढे चला.

घासाघीस दोन्हीकडे चालते, तऱ्हा वेगळी. जत्रेत शेवटच्या दिवशी दुपारनंतर आकडे खाली येतात, कारण न विकलेली चित्रं पुन्हा बांधून न्यायची म्हणजे खर्च. जहांगीरमध्येही सोमवारी संध्याकाळी सोलापूर-कोल्हापूरहून आलेला चित्रकार तडजोडीला तयार होतो. पण तोपर्यंत चांगल्या चित्रांवर विकल्याची लाल टिकली लागलेली असते. किंमत पाडण्यापेक्षा हप्ते मागा. दोन-तीन हप्त्यांत पैसे घ्यायला तरुण चित्रकार बहुधा तयार असतात आणि त्यांचा मानही राहतो. ‘असंच माझा भाचा काढतो’ हे वाक्य मनातसुद्धा आणू नका.

कॅनव्हास की मुद्राचित्र?

याच पैशात अनोळखी चित्रकाराचा मध्यम आकाराचा कॅनव्हास येतो, किंवा बऱ्यापैकी नाव असलेल्या कलाकाराचं एचिंग, लिनोकट, सेरिग्राफ असं एखादं मुद्राचित्र. मुद्राचित्र म्हणजे फोटोकॉपी नव्हे. कलाकारानं प्लेट, ठोकळा किंवा जाळीचा पडदा तयार करून मोजक्या प्रती काढलेल्या असतात. खाली पेन्सिलीनं ७/२५ असं लिहिलेलं असतं: पंचवीसपैकी सातवी प्रत. प्रतींची संख्या जितकी कमी, तितकं बरं. ‘जिक्ले’ हा शब्द ऐकलात तर मात्र थांबा. ती इंकजेट छपाई असते. सही आणि क्रमांक असले तरी मूळ चित्राची ती प्रतिकृतीच. वाईट नाही, पण मग पैसे प्रतिकृतीचेच द्यावेत. मळवलीच्या छापखान्यातून निघालेली रविवर्म्याची चित्रं घरोघरी गेली तीही प्रतिकृतीच होती, आणि देव्हाऱ्यात शोभली.

मी स्वतः भिंत लहान असेल तर मुद्राचित्राकडे झुकते, आणि ते जत्रेतल्या गॅलऱ्यांच्या स्टॉलवर शोधते. तिथे विचारल्याशिवाय दाखवत नाहीत. मोठा फोल्डर टेबलाखाली असतो.

बिल आणि बाकीचं

हातानं काढलेल्या चित्रांवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. पण चित्रकाराची नोंदणीच नसेल तर त्याला तो लावता येत नाही. म्हणून ‘प्लस जीएसटी’ ऐकल्यावर जीएसटी क्रमांक असलेलं बिल मागा. शिवाय चित्राचा फोटो, नाव, माध्यम, माप, साल आणि सही असलेलं प्रमाणपत्र घ्या. जहांगीरमध्ये चित्र प्रदर्शन उतरल्यावरच हाती पडतं. जत्रेत बऱ्याचदा लगेच बांधून देतात. चित्र घरी आलं तरी कॉपीराइट चित्रकाराकडेच राहतो, तेव्हा मुलीच्या लग्नपत्रिकेवर छापण्याआधी त्याला विचारा. आणि दुप्पट भावानं विकू या हिशेबानं या किमतीचं चित्र कुठूनच घेऊ नका. ज्यांची चित्रं पुढे वधारतात अशांची यादी स्टॉलवर कोणी देत नसतं, आणि जो देतो त्याच्याकडून तर नकोच.

बजेट पाच हजारांच्या आत असेल तर जहांगीरच्या बाहेरचा फुटपाथ बघा. तिथे जलरंगातली छान चित्रं मिळतात. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचं वार्षिक प्रदर्शनही चुकवू नका, विद्यार्थ्यांची कामं तिथे बघायला मिळतात. १८८८ पासूनच्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनात नव्या नावांची निवड आधीच झालेली असते, हा आळशी माणसाचा फायदा.

तर माझा सल्ला असा: कॅनव्हास घ्यायचा असेल तर आधी जत्रा पैसे घरी ठेवून हिंडा, आवडलेल्या चित्रकारांचे नंबर घ्या, मग जहांगीरच्या तीन-चार प्रदर्शनांना जा आणि तिथे घ्या. मंगळवारी आवडलेलं चित्र रविवारी परत बघता येतं, ही सोय चार दिवसांच्या जत्रेत नाही. बाहेरगावाहून एकदाच येणार असाल तर मात्र जत्राच बरी. तेव्हा कागदावरचं काम घ्या, ट्रेनमध्ये सांभाळून नेता येतं.

फ्रेमचे पैसे आधीच बाजूला काढा, कागदावरच्या कामाला ते चांगलेच लागतात. फ्रेमवाल्याला ॲसिड-फ्री माउंट (चित्राभोवतीचा आम्ल नसलेला पुठ्ठा) सांगा आणि काच चित्राला चिकटू देऊ नका, नाहीतर कोकणात काय किंवा मुंबईत काय, दुसऱ्या पावसाळ्यात कागदावर पिवळे ठिपके येतात. पावसाच्या माऱ्याची बाहेरची भिंत टाळा. दुसरी भिंतच नसेल तर फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागून हवा खेळते.