शाळेसाठी गांडूळखताचा बेड: घ्यावा, पण बारा फुटी नको

कृषी केंद्रात गांडूळखताचा एचडीपीई (विणलेल्या प्लास्टिक कापडाचा) बेड मागितला की दुकानदार १२ बाय ४ बाय २ फुटांचाच पुढे करतो. शेतकऱ्याला ते माप योग्य आहे, पण साठ पटाच्या जिल्हा परिषद शाळेला फार मोठं पडतं. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज ५० ग्रॅम भाजी धरलेली असते, म्हणजे साठ मुलांची ३ किलो. त्यातून साली-देठं निघतात जेमतेम अर्धा किलो. महिनाभर साठवली तरी बारा किलोंच्या आसपास, आणि बेड ९६ घनफुटांचा! अर्धवट भरलेला बेड वरून सुकतो, गांडुळं एका कोपऱ्यात गोळा होतात. म्हणून सहा फुटी बेड मागून घ्या. त्यातही मुख्य खाद्य शेण, पालापाचोळा आणि तुरीचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) हेच राहणार.

घेताना कापडाची वीण, बाजूच्या जाळीच्या खिडक्या, बांबू घालायचे खिसे आणि तळाची व्हर्मीवॉशची (बेडमधून झिरपणाऱ्या द्रवखताची) नळी तपासा. आयएस १५९०७ (अशा बेडसाठीचं भारतीय मानक) चा छाप असेल तर उत्तम. खिशांची शिलाई एकेरी असेल तर ओला माल भरल्यावर ती आधी उसवते. जागा नळीच्या बाजूला दोन इंच उतरती हवी, नाहीतर पाणी तळाशी साचून आंबूस वास येतो.

भरताना खाली तीन इंच तुराट्यांचे तुकडे, त्यावर पाला आणि शेणाचे थर. शेण पंधरा-वीस दिवसांचं, थंड झालेलं असावं. ताजं शेण तापतं आणि गांडुळं मरतात. माल भिजवून हात घालून पाहा. गरम लागत नसेल तेव्हाच एक-दीड किलो गांडुळं सोडा आणि वर ओला बारदाना टाका. ओलाव्याची परीक्षा मुलंच करतील: मूठभर माल दाबला की एक-दोन थेंब निघावेत. धार लागली तर पाणी जास्त झालं.

दोन गोष्टींवर करडी नजर हवी. एक, उरलेली खिचडी. तेल-मिठामुळे ती गांडुळांना चालत नाही, शिवाय मुंग्या आणि उंदीर येतात. दुसरी, संत्र्याची साल. थंडीत आपल्याकडे विदर्भात डब्याडब्यात संत्रं असतं आणि साली थेट बेडमध्ये पडतात. त्यातलं आम्ल आणि तेल गांडुळांना सोसत नाही; त्या वेगळ्या वाळवा. फवारणी झालेल्या पऱ्हाटीचा (कपाशीचा) पालाही नको.

शिकवण्याचं साधन म्हणून या बेडला तोड नाही. महिन्याभरात वरचा थर हलक्या हाताने उकरला की मोहरीएवढे, लिंबाच्या आकाराचे गांडुळांच्या अंड्यांचे पिवळसर कोष दिसतात. भिंग हातात दिलं की पाचवीची मुलं तासभर हलत नाहीत. एका कोषातून दोन-तीन पिल्लं निघतात, हे मोजून वहीत लिहू द्या. खत तयार झाल्यावर परसबागेत मेथीचे दोन वाफे करा, एकात खत घाला, दुसऱ्यात नको, आणि दर आठवड्याला पट्टीने उंची घ्या.

एक प्रश्न मुलं विचारतातच: प्लास्टिक नको म्हणता, मग हा बेड कशाचा? प्रश्न रास्त आहे. विदर्भाच्या उन्हात कापड कडक होऊन त्याचे पापुद्रे खतात मिसळतात. म्हणून बेड निंबाखाली किंवा हिरव्या नेटखालीच हवा. शाळेला पक्की सावलीची जागा आणि विटा मिळत असतील तर विटांचं टाकं अधिक चांगलं.

सगळ्यात मोठी अडचण सुट्ट्यांची. आपल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे ४५ अंशांच्या उन्हाळ्यात बेडजवळ कोणी नसतं. ३५ च्या वर गांडुळं टिकत नाहीत. म्हणून पहिला बेड जुलैत भरा, दिवाळीआधी खत काढा. दुसरा नोव्हेंबरात भरून फेब्रुवारीत रिकामा करा. काढण्याआधी चार-पाच दिवस पाणी बंद ठेवा आणि उजेडात ढीग करा, गांडुळं खाली जातात. एप्रिलमध्ये बेड धुऊन घडी करून ठेवा आणि गांडुळं गावातल्या एखाद्या शेतकऱ्याच्या सावलीतल्या टाक्यात सोडा. जुलैत तिथूनच किलोभर परत मिळतात.