खाडीतल्या बोटीच्या तळाला कोणता रंग द्यावा?

बोटीच्या तळाला शेवाळ आणि बार्नेकल (कठीण कवचाचे, चिकटून राहणारे समुद्री जीव) चिकटू नयेत म्हणून लावायचा रंग घेताना भाव आणि टिकाऊपणा विचारला जातो. बोट खाडीत नांगरून ठेवायची असेल, तर तो रंग पाण्यात काय सोडतो हेही विचारायला हवे.

ट्रायब्युटिलटिन या कथिलाच्या विषारी संयुगाचा रंग आता पर्यायच उरलेला नाही, कारण त्यावर बंदी घालणारा २००१ चा आंतरराष्ट्रीय करार १७ सप्टेंबर २००८ पासून लागू आहे. फ्रान्समधील आर्काशोंच्या उपसागरात १९७० च्या दशकाच्या अखेरीस कालवांची पिल्ले जगेनाशी झाली आणि मोठ्या कालवांच्या शिंपल्या आतून कप्पे पडून बेढब जाड झाल्या, तेव्हा जानेवारी १९८२ मध्ये तेथे २५ मीटरपेक्षा लहान बोटींना हा रंग लावण्यास मनाई झाली. इंग्लंडच्या किनाऱ्यावर डॉगव्हेल्क या शंखधारी गोगलगायीच्या माद्यांना नराचे लिंग फुटले, अंडवाहिनी बुजली आणि अंडी आतच अडकली. लिंग फुटायला लिटरभर पाण्यात या विषाचा ग्रॅमचा एक अब्जांशही पुरला. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील पाण्यात, गाळात आणि प्राण्यांतही हे द्रव्य गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांना आढळले आहे.

खरी निवड तांबे आणि सिलिकोन यांत आहे. तांब्याचा रंग स्वस्त, लाकडावरही बसणारा आणि उभ्या बोटीवरही काम करणारा आहे, पण तो झिजतो म्हणूनच काम करतो, आणि झिजलेले तांबे भरती-ओहोटीचा जोर कमी असलेल्या कोपऱ्यात साचत राहते. अमेरिकेतील सॅन डिएगोमधील शेल्टर आयलंडच्या यॉट बंदरात पाण्यातील जवळजवळ सगळे तांबे बोटींच्या तळातूनच येत असल्याचे आढळले. कालवे आणि शिंपल्यांच्या अळ्यांना ते लिटरला काही मायक्रोग्रॅम एवढ्या प्रमाणातही बाधते. ॲल्युमिनियमच्या बोटीला तर हा रंग लावूच नये; धातू गंजतो.

सिलिकोन विषाने मारत नाही, जीवांना घट्ट पकड मिळू देत नाही. बोट वेगाने धावली की चिकटलेले सुटून पडतात. म्हणजेच आठवडेच्या आठवडे उभ्या असणाऱ्या बोटीवर तो पैसा वाया जातो. तो महाग आहे, जुना रंग पूर्ण उतरवून लावावा लागतो, आणि दोरखंडाने किंवा वाळूवर ओढल्याने ओरखडतो. डब्यावरील मजकूर मात्र नीट वाचावा, कारण काही सिलिकोन रंगांतही जीवनाशक मिसळलेले असते.

नियमित धावणाऱ्या फायबरच्या बोटीसाठी मी सिलिकोन घेईन. लहान होडी दर फेरीनंतर उतारावर ओढून सुकवता येत असेल, तर तिला दोन्ही नकोत. सतत पाण्यातच राहणाऱ्या लाकडी बोटीला पोखरकिड्यामुळे तांबे टाळणे अवघड आहे. तेथे ते जपून आणि डब्यावर सांगितलेल्या थरांइतकेच लावावे, आणि जुना थर घासताना खाली ताडपत्री अंथरून पडलेली भुकटी गोळा करावी, कारण जुन्या बोटीच्या खालच्या थरात ट्रायब्युटिलटिन अजूनही असू शकते.