स्लॅकला बाहेरचं अ‍ॅप जोडायचंय? वेबहुक, तयार अ‍ॅप, मध्यस्थ की स्वतःचा बॉट

टीममध्ये स्लॅक (ऑफिसच्या गप्पांचं आणि कामाच्या मेसेजचं अ‍ॅप) जरा रुळलं की कोणीतरी विचारतंच, "वेबसाइटवर ऑर्डर आली की इथे मेसेज पडेल का?" पडेल, आणि त्यासाठी एक सोडून चार रस्ते आहेत. इनकमिंग वेबहुक, स्लॅक मार्केटप्लेसमधलं तयार अ‍ॅप, झॅपियर किंवा एन-एट-एन (n8n) सारखा दोन अ‍ॅप जोडून देणारा मध्यस्थ, नाहीतर स्वतः लिहिलेला बॉट, म्हणजे स्लॅकमध्ये आपोआप काम करणारा प्रोग्राम. बहुतेक जण सोपं काय ते बघून ठरवतात. मी मात्र ही कामं करताना आधी दोन गोष्टी विचारतो. माहिती फक्त स्लॅकमध्ये यायची आहे, की तिथून परतही जायची आहे? आणि त्यासाठी समोरच्याला आपण काय काय वाचू देणार आहोत?

फक्त यायची असेल तर वेबहुक घ्या. ती एक पत्रपेटी आहे. स्लॅक तुम्हाला एक लांबलचक वेब पत्ता देतं, त्यावर जेसनमध्ये (प्रोग्राम एकमेकांना माहिती पाठवतात त्या साच्यात) मजकूर पाठवला की तो ठरलेल्या चॅनलमध्ये उमटतो. त्या पत्त्यावरून चॅनलमधलं काही वाचता येत नाही, टाकलेला मेसेज पुसताही येत नाही. लोक याला उणीव म्हणतात, मला तर हाच त्याचा सगळ्यात मोठा गुण वाटतो: जे वाचूच शकत नाही, त्यातून टीमचं बोलणं बाहेर जायची भीती नाही. सर्व्हर पडला, बॅकअप झाला, फॉर्म भरला गेला, अशा सूचनांना याहून जास्त काही लागत नाही. वेग सेकंदाला साधारण एक मेसेज धरा. एररचा पाऊस पडणार असेल तर मेसेज एकत्र करून पाठवा.

जपायचा तो पत्ता, कारण तोच पासवर्ड आहे. माझ्या एका कामात तो कोडमध्येच लिहिलेला राहिला आणि कोड गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) उघडा गेला. असे उघड्यावर पडलेले पत्ते स्लॅक शोधून रद्द करतं, तसा तोही झाला. पण चॅनल शांत आहे म्हणजे बॅकअप नीट चाललाय, असंच आम्ही समजत राहिलो. तेव्हापासून पत्ता एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलमध्ये (कोडबाहेर, सर्व्हरच्या सेटिंगमध्ये) ठेवतो आणि बॅकअप यशस्वी झाल्याचाही मेसेज पाठवतो, म्हणजे मेसेज आला नाही तर लगेच लक्षात येतं.

तयार अ‍ॅप बसवायला पाच मिनिटं पुरतात. गिटहबचं अ‍ॅप घेतलं की चॅनलमध्ये 'स्लॅश गिटहब सबस्क्राइब' आणि रिपॉझिटरीचं (कोडच्या साठ्याचं) नाव टाकायचं, पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमधले बदल घ्या अशा विनंत्या, दिसायला लागतात. हे स्वतः लिहीत बसण्यात अर्थ नाही. वेळ द्यायचा तो परवानग्यांच्या पानाला. 'मेसेज पाठवू शकेल' ही एक गोष्ट, 'सार्वजनिक चॅनलमधले मेसेज वाचू शकेल' ही अगदी दुसरी. आठवण करून देणाऱ्या अ‍ॅपला तुमचं जुनं बोलणं कशाला हवं, हे विचारा, आणि पटलं नाही तर 'अलाऊ' दाबू नका. ही भीती कागदी नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सेल्सलॉफ्टच्या ड्रिफ्ट या अ‍ॅपची ओऑथ टोकन (पासवर्डऐवजी चालणाऱ्या डिजिटल चाव्या) चोरीला गेली आणि त्यांच्या जोरावर शेकडो कंपन्यांच्या सेल्सफोर्समधला (ग्राहकांच्या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरमधला) डेटा उचलला गेला. तिथे कोणाचाही पासवर्ड फोडावा लागला नव्हता, आधी दिलेल्या परवानग्याच वापरल्या गेल्या. शिवाय स्लॅकच्या फुकट प्लॅनमध्ये १० अ‍ॅपच बसतात, तेव्हा 'करून बघू' म्हणून घेतलेली काढून टाका.

मध्यस्थ कामाचा कधी? दोन्ही टोकांची अ‍ॅप एकमेकांना ओळखत नसतील आणि टीममध्ये कोड लिहिणारं कोणी नसेल तेव्हा. गूगल फॉर्म भरला की शीटमध्ये ओळ आणि स्लॅकमध्ये मेसेज, हे झॅपियरवर कोणालाही जमतं. आधी फक्त हिशोब करा. झॅपियरवर फुकटात महिन्याला १०० टास्क (आपोआप केलेली कामं) मिळतात. दिवसाला पाच ऑर्डर आणि प्रत्येकीला एक मेसेज म्हटलं तरी १५० होतात. डेटा तिसऱ्याच्या सर्व्हरवरून जातो, हेही आहे. ग्राहकांचे फोन नंबर असतील तर मी एन-एट-एन स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचा सल्ला देईन. आणि जोडणी कोणाच्या खात्यावर आहे ते आजच बघून घ्या. व्यक्तीच्या नावाचं युजर टोकन तिचं खातं बंद झालं की मरतं. बॉटचं टोकन असं एका माणसाला बांधलेलं नसतं.

उत्तर परत जायचं असेल तर मात्र बॉट लिहावा लागतो. रजेचा अर्ज चॅनलमध्ये आला, खाली 'मंजूर' आणि 'नामंजूर' ही बटणं, मॅडमनी बटण दाबलं की तुमच्या एचआरच्या नोंदीत बदल व्हायला हवा. इथे स्लॅक बॉटकडून ३ सेकंदांत 'मिळालं' अशी पोच मागतं. एचआरची नोंद व्हायला पाच सेकंद लागत असतील तर बटण दाबणाऱ्याला एरर दिसते, नोंद झालेली असली तरी. म्हणून आधी पोच द्यायची, मग काम करायचं, मग मूळ मेसेज बदलून बटणांच्या जागी 'मंजूर झाली' असं लिहायचं. ऑफिसच्या राउटरमागून चालवायचं असेल तर सॉकेट मोड घ्या, त्यात बॉटच स्लॅकशी जोडणी उघडतो, बाहेरून पोचता येईल असा पत्ता लागत नाही. आणि पहिल्याच दिवशी 'नॉट इन चॅनल' अशी एरर आली तर कोड तपासत बसू नका. बॉटला आधी त्या चॅनलमध्ये इन्व्हाइट करावं लागतं.

बॉटचा खरा खर्च नंतर सुरू होतो. फाइल चढवायची जुनी एपीआय (प्रोग्रामने स्लॅकशी बोलायची) पद्धत स्लॅकने २०२५ मध्ये बंद केली, ज्यांचे बॉट त्यावर होते त्यांना कोड बदलावा लागला. वर्षातून एकदा तरी हे बघणारं माणूस नसेल तर बॉटच्या वाटेला जाऊ नका. दहाजणांच्या टीमला दोन वेबहुक आणि एक-दोन तयार अ‍ॅप बहुतेक वेळा पुरतात.

स्लॅक नसेल तर? मायक्रोसॉफ्ट टीम्समध्ये नवं काम जुन्या ऑफिस ३६५ कनेक्टरवर उभारू नका, ते बंद करणार असल्याचं २०२४ मध्येच जाहीर झालंय, टीम्सच्याच वर्कफ्लोज या सोयीवर करा. गूगल चॅटची वेबहुक वर्कस्पेस खात्यालाच मिळते, साध्या जीमेलला नाही. मॅटरमोस्ट हे स्लॅकसारखंच अ‍ॅप स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतं आणि त्याची वेबहुक स्लॅकच्याच धाटणीचा मजकूर स्वीकारते, त्यामुळे साध्या सूचनांच्या स्क्रिप्टमध्ये बहुतेकदा फक्त पत्ता बदलावा लागतो.