गोधडीकामाची परदेशी मासिके : सांगलीत वाचताना आणि शिवताना

अमेरिकन पॅचवर्क अँड क्विल्टिंग या मासिकाची डिजिटल वर्गणी गेले अनेक महिने माझ्याकडे आहे. त्याच्या जोडीला क्विल्टफोकचे काही छापील अंक आणि नात्यातून मिळालेले क्विल्टर्स न्यूजलेटरचे जुने अंकही मी सतत चाळत असते. या तिघांचे काम वेगवेगळे आहे आणि आपल्याला नेमके काय हवे आहे हे ठरवूनच वर्गणी भरावी, असे माझे मत आता पक्के झाले आहे.

नमुने शिवायचे असतील तर मुखपृष्ठाकडे दुर्लक्ष करून साहित्य आणि कापणी यांचे पान आधी वाचावे. अमेरिकी नमुने सुती कापडाचा वापरण्याजोगा पन्हा ४२ इंच धरून लिहिलेले असतात आणि कापड वारांत सांगितलेले असते. आपल्या कापड पेठेत कापड मीटरवर मिळते, आणि पन्हा कधी ३६ तर कधी ४४ इंच असतो. पाच इंची ८० चौकोन हवे असतील, तर ४२ इंचांच्या पन्ह्यात एका पट्टीत आठ बसतात, म्हणजे १० पट्ट्या आणि ५० इंच कापड पुरते. तेच ३६ इंचांच्या पन्ह्यात सातच बसतात, १२ पट्ट्या लागतात आणि कापड ६० इंचांवर, म्हणजे दीड मीटरच्या किंचित पुढे जाते. ज्या मासिकात ‘इतक्या पट्ट्या, प्रत्येकीतून इतके तुकडे’ असे स्पष्ट दिलेले असते, तिथे हा हिशेब बसल्या जागी नव्याने मांडता येतो. नुसता ‘दोन वार निळे’ असा उल्लेख असेल तर दुकानदारापुढे अंदाजच करावा लागतो.

या कसोटीवर अमेरिकन पॅचवर्क अँड क्विल्टिंग चांगले उतरते. एकाच नमुन्याची वेगवेगळ्या पलंगांसाठीची मापे तक्त्यात मिळतात आणि तोच नमुना दुसऱ्या रंगसंगतीत शिवून दाखवलेला असतो, ही मला त्यातली सर्वांत उपयोगी गोष्ट वाटते. छायाचित्रातले कापड आपल्याकडे मिळण्याची शक्यता जवळजवळ नसतेच. अशा वेळी मी त्या पानाचा फोटो काढून तो काळा-पांढरा करते. रंग निघून गेले की कोणता तुकडा गडद आणि कोणता फिका एवढेच उरते, आणि त्या उतरंडीने इचलकरंजीचे सुती, जुनी कॉटनची साडी किंवा खणाचे उरलेले तुकडे लावता येतात. मात्र खण आणि मऊ साडी शेजारी शेजारी जोडायची असेल तर दोन्ही आधी धुऊन घ्यावीत, आणि लाल रंगाचे कापड वेगळे भिजवावे.

शिवण पाव इंचाची ठेवा, हे सगळीच मासिके सांगतात. शिवण कोणत्या बाजूला इस्त्री करायची हे मात्र सगळी सांगत नाहीत, आणि खरी मेख तिथेच आहे. एका ओळीच्या शिवणी डावीकडे आणि खालच्या ओळीच्या उजवीकडे दाबल्या, तर दोन ओळी एकावर एक ठेवताना बोटांना त्या शिवणी एकमेकींत अडकल्याचे जाणवते. मग टाचणी न लावताही चौकोनांचे कोपरे जुळतात.

डिजिटल अंकाची अडचण छपाईच्या वेळी कळते. आकारांचे साचे अमेरिकी कागदाच्या, म्हणजे ८.५ × ११ इंचांच्या मापात असतात आणि झेरॉक्सच्या दुकानात ए-४ कागदावर ते आपोआप आक्रसून छापले जातात. तीन टक्के घट दिसायला क्षुल्लक वाटते, पण त्यामुळे १२ इंचांचा चौकोन ११.६४ इंचांचा होतो. म्हणून शंभर टक्के मापावर छापायला सांगावे आणि पानावरचा एक इंची चौकोन पट्टीने तपासल्याशिवाय दुकानातून बाहेर पडू नये. आणखी एका मासिकाच्या डिजिटल अंकात, ज्याचे नाव घेत नाही, साच्यांची घडीची पुरवणीच जोडलेली नव्हती. तक्रारीला उत्तर आले, पुरवणी आली नाही.

क्विल्टफोकमध्ये नमुने नाहीत आणि जाहिरातीही नाहीत. २०१६ साली सुरू झालेल्या या त्रैमासिकात शिवणाऱ्या माणसांविषयी आणि त्यांच्या प्रदेशांविषयी मजकूर असतो. शिकण्यासाठी ते घेऊ नये; निवांत वाचायला मात्र फार सुंदर आहे. ते वाचताना मला कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील, मूळच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी स्त्रियांची कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, सतत आठवते. त्या कडेपासून सुरुवात करून धावदोरा घालत आत मध्यापर्यंत येतात, आणि कोपऱ्यांना छोटी ‘फुले’ लावतात. आपली वाकळही अशीच जुन्या लुगड्यांच्या थरांवर उभी राहते. या मासिकांतली बहुतेक गणिते दोन कापडांमध्ये विकतची बॅटिंग, म्हणजे भरण्याचा मऊ थर, गृहीत धरतात, तेव्हा त्या जागी साड्यांचे थर घालणाऱ्याने टाक्यांतले अंतर स्वतः ठरवावे लागते. आमच्या आत्तींनी एक अंक उलटून पाहिला आणि विचारले, “अगं, धडधाकट कापड फाडून परत जोडायचं कशाला?” त्यांच्या प्रश्नाला या मासिकांत उत्तर नाही, हे कबूल करायला हवे.

जुन्या अंकांची किंमत मला सगळ्यांत उशिरा कळली. बॉनी लेमन यांनी १९६९ मध्ये सुरू केलेले क्विल्टर्स न्यूजलेटर २०१६ मध्ये बंद झाले. फिरते पाते असलेले रोटरी कटर बाजारात आले १९७९ साली, त्यामुळे त्याआधीच्या अंकांतले नमुने पुठ्ठ्याचा साचा, पेन्सिल आणि कातर यांवरच चालतात. कटर, कापताना खाली घ्यायची मॅट आणि जाड पारदर्शक पट्टी यांचा खर्च टाळून सुरुवात करणाऱ्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानात किंवा ऑनलाइन असे अंक जरूर शोधावेत. परदेशातून छापील अंक मागवताना टपालखर्च अंकाच्या किमतीच्या वर जाऊ शकतो, तेव्हा सुटा अंक न मागवता चार जणींनी मिळून एकत्र मागणी नोंदवणे परवडते; मी पुढच्या वेळी डिजिटल वर्गणी चालू ठेवून क्विल्टफोक असे एकत्र मिळूनच मागवणार आहे.