जुनी पिकअप: अख्खी चेसिस बदलायची की फक्त पुढचं सस्पेन्शन?

१९४७–५४ च्या शेव्हरोले पिकअपखाली एस-१० ची (शेव्हरोलेचीच नंतरची छोटी पिकअप) चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, घातली की ब्रेक, स्टीअरिंग, सस्पेन्शन सगळं एकदम मिळतं. पण जुना व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) ११६ इंच, एस-१० चा त्यातल्या त्यात जवळचा ११७.९. चाक मडगार्डच्या बरोबर मध्यावर येत नाही आणि ते नजरेला सतत खुपतं. शिवाय केबिन चेसिसवर टेकवायचे माउंट नव्याने बनवायचे.

फोर्डच्या जुन्या एफ-१०० पिकअपवाले बरेचदा मूळ चेसिस ठेवून २००३ पासूनच्या फोर्ड क्राउन व्हिक्टोरिया मोटारीचा पुढचा अ‍ॅल्युमिनियम क्रॉसमेंबर (पुढचं सस्पेन्शन ज्यावर बसतं तो आडवा भाग) बसवतात. रॅक-अँड-पिनियन (दातेरी पट्टी आणि चाकाचं) स्टीअरिंग, डिस्क ब्रेक सोबत येतात. अडचण रुंदीची: जुनी चाकं मडगार्डबाहेर डोकावतात, म्हणून जास्त पॉझिटिव्ह ऑफसेटची, म्हणजे अधिक आत बसणारी, घ्यावी लागतात. तरी मला हाच मार्ग पटतो; गाडीचा मूळ सांगाडा शाबूत राहतो. चेसिस कापून जोडायची तर वेल्डिंगचा हात पक्काच हवा, तिथे चालढकल जिवावर बेतते.