मुंबई सिटी एफसी: तीन कोच, एक साचा आणि सुटलेला मधला खांब

इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेतल्या मुंबई सिटीच्या 2020 ते 2025 या पाच हंगामांचं हे परीक्षण. अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनाचं तिकीट काढणाऱ्याला पैशाच्या बदल्यात काय मिळालं, एवढाच प्रश्न. पाचपैकी साडेतीन तारे. पहिल्या चार हंगामांना साडेचार देता आले असते, शेवटच्या हंगामाने एक खाल्ला.

आधीचा काळ चटकन उरकतो. पीटर रीड, निकोला अनेल्का (हा कोचही आणि खेळाडूही), अलेक्झांद्रे गिमारेस, होर्हे कोस्टा. गिमारेसच्या संघाने 2016 मध्ये साखळीत पहिला नंबरही काढला. पण कोच बदलला की अर्धा संघ बदलायचा आणि नव्याने पाटी कोरी. नोव्हेंबर 2019 मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने (मँचेस्टर सिटी आणि मेलबर्न सिटीचा मालक) 65 टक्के हिस्सा घेतला, आणि खऱ्या बांधणीला तिथून सुरुवात झाली.

पहिला मिस्त्री सर्जिओ लोबेरा. त्याने नवी पद्धत शिकवत बसण्याऐवजी ती आधीच येणारे खेळाडू एफसी गोव्यातून उचलले: मिडफिल्डर अहमद जाहू, सेंटर-बॅक मुर्तादा फॉल, ह्यूगो बूमूस, मंदार राव देसाई. गोवेकरांना याचा राग असेल तर तो रास्तच आहे. मंदारला विंगरचा लेफ्ट-बॅक लोबेरानेच गोव्यात केला होता, म्हणजे मुंबईला तयार माल मिळाला. जाहू खाली उतरून बचावफळीकडून चेंडू घ्यायचा, दोन्ही फुल-बॅक (कडेचे बचावपटू) वर सरकायचे, आणि तिथून तिरका लांब पास विंगरच्या पुढ्यात. हा खेळ गोलमागे बसून कळत नाही. मैदानाच्या लांब बाजूला, जमेल तितकं वर बसा. आणि चेंडूकडे बघू नका, फुल-बॅक कुठे उभा आहे ते बघा.

या पद्धतीचा दोष तिच्या पोटातच आहे. जाहूवर माणूस बसवला की चेंडू स्वतःच्याच पेटीसमोर जातो. 13 मार्च 2021 च्या फातोर्ड्यातल्या अंतिम सामन्यात एटीके मोहन बागानचा पहिला गोल असाच झाला: जाहूचा चेंडू हिसकावला गेला आणि डेव्हिड विल्यम्सने जाळ्यात मारला. बरोबरी तिरीच्या स्वयंगोलने झाली, 90 व्या मिनिटाला बिपिन सिंगने सामना जिंकून दिला. (तोच तिरी दोन वर्षांनी मुंबईचा सेंटर-बॅक झाला.) शील्ड (साखळीतल्या पहिल्या क्रमांकाची) आणि चषक (साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांचा, म्हणजे प्लेऑफचा) एकाच हंगामात.

मग लोबेरा चीनला गेला, गोलकीपर अमरिंदर आणि बूमूस मोहन बागानकडे. ऑक्टोबर 2021 मध्ये आलेला डेस बकिंगहॅम मेलबर्न सिटीचा सहायक कोच होता, म्हणजे त्याच ग्रुपच्या शाळेतला. त्याला भिंती पाडायच्या नव्हत्या, फक्त गेलेल्या विटांच्या जागी नव्या बसवायच्या होत्या. त्यातच मैदानावर एका वेळी परदेशी खेळाडूंची मर्यादा पाचवरून चारवर आली. मुंबई पाचवी आली आणि प्लेऑफ हुकला. बहुतेकांनी तो हंगाम फेकून दिला. आमच्या मते पाच वर्षांतला सर्वांत कामाचा हंगाम तोच, कारण चारच परदेशी म्हणजे सात भारतीय, आणि खरा संघ त्या सातांचा. मिडफिल्डर अपुइया 2021 मध्येच आला होता, विंगर छांगटे जानेवारी 2022 मध्ये आला. त्या एप्रिलमध्ये रियाधला इराकच्या हवाई दलाच्या क्लबला 2-1 हरवून मुंबई एएफसी चॅम्पियन्स लीगचा सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब ठरली. गटात सात गुण, दुसरा क्रमांक.

पीक 2022-23 मध्ये आलं. ग्रेग स्टुअर्ट आणि होर्हे परेरा दियाज आले आणि गणित जुळलं: फॉल, जाहू, स्टुअर्ट, दियाज हे चार परदेशी कण्यात, बाजू आणि गोल भारतीयांच्या हाती. लाचेन्पा गोलमध्ये, मेहताब आणि भेके मागे, छांगटे आणि बिपिन दोन्ही काठांना, आणि जाहूच्या शेजारी धावाधाव करणारा अपुइया. जाहू पळायचा कमी, म्हणून त्याच्या वाटचं अंतरही अपुइयाच कापायचा. 20 सामन्यांत 54 गोल, 46 गुण, सलग 18 सामने अपराजित. उपांत्य फेरीत मात्र बंगळुरूने पेनल्टींवर घरी पाठवलं.

2023 मध्ये लोबेरा भारतात परतला, ओडिशा एफसीकडे, आणि जाहू-फॉलना पुन्हा ओढून घेऊन गेला. माणूस सवयीचा गुलाम. मुंबईने जाहूच्या जागी योएल व्हान निफ आणि फॉलच्या जागी तिरी बसवला, आणि दोन्ही जोड बऱ्यापैकी टिकले. नोव्हेंबरात बकिंगहॅम आपल्या गावच्या ऑक्सफर्ड युनायटेडला गेला, डिसेंबरात पेत्र क्रात्की आला. हाही मेलबर्न सिटीचाच. जानेवारीत स्टुअर्टही गेला. शेवटच्या साखळी सामन्यात बरोबरी पुरे असताना मोहन बागानने 2-1 ने शील्ड हिरावली, आणि तीनच आठवड्यांत कोलकात्यात त्यांनाच 3-1 हरवून क्रात्कीने चषक आणला. हंगामाच्या मध्यात कोच बदलूनही गाडी रुळावर राहते, ती साचा क्लबचा असतो तेव्हाच.

मग बिघडलं कुठे? 2024 च्या उन्हाळ्यात अपुइया मोहन बागानकडे. भेके, दियाज आणि नोगुएरा बंगळुरूकडे. परदेशी खेळाडू बदलता येतो, तो जगभरातून शोधता येतो. अपुइयाच्या तोडीचा भारतीय मिडफिल्डर बाजारात मिळतच नाही. ब्रँडन फर्नांडिस चांगला, पण तो पास देणारा. चेंडू हिसकावून परत आणणं हे त्याचं काम नव्हे. आघाडीला कारेलिस आला, पण त्याच्यापर्यंत चेंडू पोचवायचा कोणी? 24 सामन्यांत 29 गोल, सहावा क्रमांक, आणि प्लेऑफमध्ये त्याच बंगळुरूकडून 5-0. क्रात्कीवर खापर फोडणं सोपं आहे. आमचा आक्षेप करार वेळेत न वाढवणाऱ्या कार्यालयावर आहे. अमेय राणवडे आणि भेके हे मुंबईचेच दोघे, तेही टिकवता आले नाहीत, शेवटच्या हंगामाने खाल्लेल्या ताऱ्यातला अर्धा त्याचाच आहे. डिसेंबर 2025 मध्ये सिटी ग्रुपनेही हिस्सा सोडला, त्यामुळे पुढचा कोच मेलबर्नहून येणार नाही.

सामना पाहायला जायचं तर मेट्रोचं आझाद नगर स्थानक जवळचं. जुने सामने पाहायचे तर 2021 चा अंतिम सामना पहिल्या अर्ध्या तासासाठी, 11 फेब्रुवारी 2023 चा गोव्यातला 5-3 पूर्ण. आणि वेळ कमी असेल तर 24 एप्रिल 2024, फातोर्डा, एफसी गोव्याविरुद्धची उपांत्य फेरी: मुंबई 2-0 ने मागे आहे, घड्याळ 89 वर आहे, तिथून लावा.