बूट स्वच्छ करण्याचा संच : आकडी उत्तम, माहितीपत्रक सदोष

जंगलात पायी फिरणाऱ्यांसाठी मिळणारा बूट स्वच्छ करण्याचा एक छोटा संच सध्या माझ्या वापरात आहे. ताठ केसांचा ब्रश, त्याच्याच दुसऱ्या टोकाला धातूची आकडी, जंतुनाशक भरण्यासाठी फवाऱ्याची रिकामी बाटली, पडलेली माती गोळा करण्यासाठी घडी होणारी थाळी आणि हे सारे ठेवण्यासाठी एक पिशवी, एवढेच त्यात आहे. आक्रमक वनस्पतींच्या बिया आणि झाडांचे रोगजंतू आपल्या पायांबरोबर एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जाऊ नयेत, हा त्याचा हेतू आहे आणि त्या कसोटीवरच त्याचे मोल ठरवायला हवे.

या कसोटीवर आकडी सर्वांत मोलाची ठरते. सोलच्या खाचांत घट्ट बसलेली माती नुसत्या ब्रशने निघत नाही आणि खरा धोका तिथेच असतो. न्यूझीलंडमधील प्रचंड कौरी वृक्षांना मारणारा फायटोफ्थोरा अगाथिडिसिडा हा रोगकारक जीव मातीतूनच पसरतो. त्यासाठी चिमूटभर माती पुरते, आणि त्याचे जाड भिंतीचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे टिकून राहतात. तिथल्याच वाइटाकेरे डोंगररांगेतील जंगलाचा बहुतेक भाग २०१८ मध्ये लोकांसाठी बंद करावा लागला, तो याच रोगामुळे. या संचाची आकडी अरुंद आणि किंचित वाकलेली असल्यामुळे टाचेजवळच्या खोल खाचांतही सहज पोहोचते.

माहितीपत्रकाबद्दल मात्र माझी गंभीर तक्रार आहे. त्यात फवारणीचे चित्र आधी आणि घासण्याचे नंतर दिले आहे, जे सरळसरळ चुकीचे आहे. मातीच्या थराखाली जंतुनाशक पोहोचत नाही. शिवाय माती आणि पालापाचोळा यांच्या संपर्कात आल्यावर अनेक जंतुनाशकांचा प्रभावही घटतो. त्यामुळे आधी खरवडणे, मग घासणे आणि सोल स्वच्छ दिसू लागल्यावरच द्रव्य फवारून ते पुरेसा वेळ ओले राहू देणे, हा क्रम कधीही बदलता कामा नये. बियांच्या बाबतीत तर फवाऱ्यावर विसंबून चालणारच नाही, त्या काढूनच टाकाव्या लागतात.

कपड्यांसाठी या संचात काहीही नाही, ही मोठी उणीव आहे. अंटार्क्टिकाला जाणाऱ्यांचे कपडे आणि सामान २००७-०८ च्या उन्हाळ्यात तपासले गेले, तेव्हा ज्यांच्याकडे बिया सापडल्या त्यांच्याकडे त्या प्रत्येकी सरासरी ९.५ होत्या. मोजे, बुटांच्या नाड्या, खिशांचे कोपरे आणि वेल्क्रोच्या पट्ट्या कुसळांना धरून ठेवतात. एखादा बारीक चिमटा दिला असता तर हे काम बरेच सोपे झाले असते. ब्रशचे केसही इतके दाट आहेत की गवताचे बी त्यांच्या मुळाशी अडकून राहते, म्हणून बुटांइतकाच ब्रशही तपासावा लागतो. थाळीची कड उंच आहे, हे चांगले; गोळा झालेला कचरा बाहेर न सांडता वेगळ्या पिशवीत बांधून कचरापेटीत टाकता येतो.

ओढ्यात किंवा तलावात उतरणाऱ्यांना हा संच पुरणार नाही. डिडिमो हे सूक्ष्म शैवाल २००४ मध्ये न्यूझीलंडमध्ये आढळले आणि ओलावा धरून ठेवणाऱ्या नमद्याच्या सोलांचे मासेमारीचे बूट तिथे २००८ मध्ये वापरातून बाद करण्यात आले. अशा ठिकाणी साधने आतपर्यंत पूर्ण कोरडी करणे हाच मुख्य उपाय असतो, आणि त्याविषयी पत्रकात एक ओळही नाही.

निरनिराळ्या जंगलांत वारंवार जाणाऱ्यांनी हा संच अवश्य घ्यावा आणि तो वाट सोडतानाच, वाहनात बसण्यापूर्वी वापरावा. ज्यांच्याकडे ताठ ब्रश आणि टोकदार खरवडणी आधीच आहे, त्यांचे काम त्यांवरही तितकेच चोख होईल. उत्पादकाने पुढच्या आवृत्तीत पत्रकातील चित्रांचा क्रम बदलावा आणि पिशवी जाळीची करावी, कारण सध्याच्या बंद पिशवीत धुतलेला ब्रश नीट वाळत नाही.